पहिली ओंजळ

आत्ये, अंगणाचा कोबा मी फोडला. तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पहार घेऊन, एकट्यानं. शेजारचा यशवंता कुंपणावरून ओरडला, "मास्तर, घरात सुतक नि तुमी बांधकाम काढलंत?" बांधकाम नाही बाबा, उलटं चाललंय, असं मी त्याला म्हटलं. तो बिचारा मदतीला निघाला होता, त्यालाही परत पाठवलं. हे काम माझं होतं. कोबा मीच करून घेतला होता आणि त्याच्याखाली काय गेलं तेही माझ्याच हातांनी गेलं होतं.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची रीत आहे. कष्टाळू, मायाळू, सगळ्यांना हवीहवीशी. तू मायाळू होतीस की नाही देव जाणे, मला तर तू भाताच्या पळीनं मारलेलं आठवतं. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आलीस. माझ्या बापाला, मग मला, मग माझ्या पोरांना वाढवलंस आणि तिन्ही पिढ्यांना एकाच तोंडानं शिव्या घातल्यास. हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मला लिहायचंय ते कुणालाच ठाऊक नसलेलं, आणि मलाही अगदी शेवटी कळलेलं.

पोलादपूरच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध दरवर्षी यायचं. उद्याचा धडा आदल्या दिवशी घरी मोठ्यानं वाचायची माझी सवय, आणि तू पडवीत वाल सोलत ऐकत असायचीस. एकदा मधेच म्हणालीस, "त्यात आमचा इमानतळ नाय काय रे?"

"नाही आत्ये. पुस्तकात नाही."

"मग तुझं पुस्तक अर्धंच हाय."

मी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, की इंग्रजांना महायुद्ध आमच्या आत्येनं खडी फोडून जिंकून दिलं. सगळे खो खो हसले. मीही हसलो. ज्या बाईनं लढाईसाठी दगड फोडले ती माझ्या घरात बसलेली होती, आणि मी पोरांना जपानचे हल्ले पाठ करायला लावत होतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मास्तरांनाही लागू पडतं.

जे काही तू सांगितलंस ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस. आजोबा त्या पावसाळ्यात हिवतापानं गेले होते. आजी गरोदर होती, माझा बाप तिच्या पोटात. घरात तांदूळ नव्हता. घाटापलीकडचा एक मुकादम माणसं गोळा करत आला. इंग्रजांना घाईनं धावपट्ट्या हव्या होत्या, नव्या वैमानिकांना शिकवायला तळ हवे होते. अठरा वर्षांचा गणूकाका, म्हणजे तुझा दादा, आणि तेरा-चौदा वर्षांची तू त्या टोळीत गेलात. दिवाळी झाल्यावर, आंबेनळी घाट चढून, चालत. आपल्या वाडीतली तुम्ही दोघंच होतात, बाकी सगळी घाटावरची.

कुठं गेलात ते तुला कधी नीट सांगता आलं नाही. "सपाट जागा. डोंगूरच नाय. सकाळी उठल्याव बगायचं कुठं तेच कळना." एवढंच. पुरुष दगडी रूळ ओढायचे, बाया पाट्या वाहायच्या, तुझ्यासारख्या पोरी बसून खडी फोडायच्या. साहेबाच्या हातात लोखंडाचं एक कडं असायचं. खडीचा तुकडा त्यातून पलीकडे पडला पाहिजे. अडकला की परत फोडायचा. ते कडं तुझ्या डोळ्यांत जन्मभर राहिलं. महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा रस्त्याकडेच्या ढिगातली खडी तू उचललीस, चार तुकडे हातात फिरवलेस आणि फेकून दिलेस. "मशीनची हाय. सगळ्या अंगांनी सारखी तुटलीय. हाताच्या खडीला घाव एका अंगाला असतो." मी म्हणालो, आत्ये, तुला खात्यात इंजिनियर म्हणून घ्यायला हवं होतं. "घेतील कशे? मला वाचता येत नाय, नि त्यांना दगूड येत नाय."

हे तुझं बोलणं मी गंमत म्हणून चार जणांना सांगितलं आणि विसरलो. विसरायला नको होतं.

आणि विमानं. धावपट्टी पुरी व्हायच्या आधीच ती यायला लागली होती. एकटं विमान उतरायचं, चाकं टेकवायचं न टेकवायचं की परत उडायचं. फिरून यायचं, पुन्हा तेच. दिवसभर. "कोंबडीची पिल्लं उंबऱ्याव चढाय शिकतात ना, तशी. आत बसलेली पोरंच व्हती. दादाच्या वयाची."

तुझी गोष्ट इथं नेहमी संपायची. मी विचारायचो, मग गणूकाका? तू वालाच्या टोपल्यात हात घालून म्हणायचीस, "त्याला सायबानं पुढच्या कामाला नेला."

तो पुढच्या कामाला गेला तो गेलाच. आजी त्याची वाट बघत वारली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. संध्याकाळी दारात कुणी उभं राहिलं की ती डोळ्यांवर हात धरून बघायची. तिला कुणी विचारलं, मुलं किती, तर दोन मुलगे नि एक मुलगी असं सांगायची. मोठा लढाईच्या कामावर आहे, असंही सांगायची. लढाई संपून पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. माझ्या बापाला भावाचा चेहराही ठाऊक नव्हता, त्याच्या जन्माआधीच तो निघून गेला होता. बाप चिडून म्हणायचा, तिकडं लढाईच्या बाजूला, बंगालात, बायको केली असेल, पोरंबाळं असतील, आईला विसरला. ते ऐकत मी मोठा झालो, आणि माझ्या तोंडी त्याचं नाव पळपुटा असं बसलं.

हा आपला कायमचा वाद. मी पळपुटा म्हटलं की तू उठून जायचीस. एकदाच उलटून बोललीस. सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं, आणि ते काढायला मी तलाठी, तहसील, वकील असे महाडला खेटे घालत होतो. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, की सदर इसम अनेक वर्षं बेपत्ता असून त्याच्याबद्दल आम्हांस काही माहिती नाही. तुझाही अंगठा हवा होता. कागद घरी आणून मी तुझा अंगठा शाईत बुडवला आणि म्हणालो, "पळपुट्यानं गेल्यावरही सुख दिलं नाही." तुझा हात थांबला. "सुऱ्या, तो पळणारातला नव्हता. परत तसं म्हणशील तर ह्या घरात पाणी पिणार नाय." आणि मग तू अंगठा उठवलास. काही माहिती नाही, या वाक्याच्या खाली. त्या अंगठ्याला किती जड गेलं असेल ते मला आत्ता कळतंय. तेव्हा मला कागद मिळाल्याचा आनंद झाला होता.

तळीयेत दरड कोसळली तेव्हा तू दिवसच्या दिवस टीव्हीसमोरून हलली नाहीस. बाकी काही विचारायची नाहीस, फक्त संध्याकाळी एकदा, "सगळी गावली काय रे?" मी नाही म्हणायचो. तू मान हलवायचीस. मला वाटलं, म्हातारं माणूस, जवळच्या गावचं दुःख. विचारलं तर सांगशील असंही मला कधी सुचलं नाही.

आता त्या दगडाबद्दल.

पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यात, रांजणाच्या बाजूला, तुझा एक दगड होता. काळा, मुठीत मावेल न मावेल एवढा. त्याला शेंदूर नव्हता, हळदकुंकू नव्हतं, म्हणजे देव नव्हे. कधी मिरची ठेचलेली नाही, म्हणजे कामाचाही नव्हे. पण तू सकाळी घागर भरून आणलीस की पहिली ओंजळ त्याच्यावर, मग घरात. नळ आले तरी तेच. आम्ही पोरं तुला चिडवायचो, आत्येच्या दगडाला तहान फार. तू म्हणायचीस, "लागते. तुम्हाला काय करायचंय?"

पाच वर्षांपूर्वी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महाडला तीन दिवस राहिलीस, माझी सून तुझ्याबरोबर. त्याच तीन दिवसांत मी पडवीला फरशी आणि अंगणाला कोबा करून घेतला. म्हटलं, आत्ये परत येईल तेव्हा नव्या डोळ्यानं नवं घर बघेल. जुनी पडवी उकरताना निघालेले दगड, विटकरी तुकडे, सगळं गवंड्याबरोबर मीही पाट्या भरभरून अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात टाकत होतो. तुझा दगडही त्यात टाकला. चुकून नाही, आत्ये. बघून टाकला. म्हटलं, फरशीवर कुठं शोभतो तो.

तू घरी आलीस. डोळ्याला हिरवी पट्टी. नवी फरशी पायाला लागली तरी खाली बघितलं नाहीस. "माझा दगूड?"

"आहे. धुऊन ठेवलाय मागं."

आणि मी मागच्या दारानं पळालो. सरळ महामार्गावर गेलो आणि त्या ढिगातून तसाच, तेवढाच, काळा तुकडा शोधून आणला. मास्तर माणूस, निवृत्त, नातवंडं असलेला, चोरासारखा खडी निवडत बसलो होतो. तुझ्या हातात दिला. तू तो अंगठ्यानं चाचपलास. सगळ्या बाजूंनी. मग पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बरा हाय."

मला हायसं वाटलं. आत्येला फसवलं, असं सुद्धा वाटलं थोडं. तू तो दगड जुन्या जागी ठेवलास. पण त्या दिवसापासून पहिली ओंजळ त्याच्यावर पडली नाही. तू तांब्या घेऊन अंगणात जायचीस आणि कोपऱ्यातल्या कोब्यावर पाणी सोडायचीस. रोज. पावसाळ्यातसुद्धा. तिथं शेवाळ धरलं. मी ओरडायचो, "आत्ये, घसरून पडशील एक दिवस, हाड मोडलं तर या वयात कोण जोडणार? तुळशीला घाल ना पाणी." तू ऐकून न ऐकल्यासारखी. सुनेला मी सांगितलं, वय झालं, आता तिला जागा कळत नाहीत. मी दोनदा ब्रश घेऊन शेवाळ घासून काढलं. तिसऱ्यांदा तुझ्या हातून तांब्या हिसकावून घेतला. तो आपला शेवटचा वाद, आणि तो मी जिंकलो असं समजत होतो.

जायच्या आठ दिवस आधी मी तुझी नखं कापत होतो. कार्तिकातली दुपार, दारात ऊन. तुझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, मी जन्मल्यापासून बघतोय. सहज विचारलं, हे कधीचं? तू म्हणालीस, हातोडी बसली. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, लक्ष नव्हतं म्हणून.

"गेला म्हणजे? पुढच्या कामाला?"

"खाण पडली त्याच्याव."

मी नखं कापायचा थांबलो. तू थांबली नाहीस. वरून हुकूम होता, काम लवकर संपवा. सुरुंग लावला, की धूर बसायच्या आत माणसं आत पाठवायचे. कडा हललेला होता. गणूकाका आणि आणखी दोघं खाली होते. टोळीनं दिवसभर उकरलं. वर विमानं उतरत होती, उडत होती. "त्यांचं शिकणं काय थांबलं नाय." दुसऱ्या दिवशी तो सापडला. मुकादमानं ओढ्याकाठी अग्नी दिला आणि त्याच खाणीतला, हातोडीनं फोडलेला एक तुकडा जीवखडा म्हणून घेतला. दहा दिवस त्याच्यावर तिलांजली द्यायची आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा, ही आपली रीत. पण काम सोडून विधी करायला कोण सोडतंय? आणि मुकादम म्हणाला, "पोरी, हिकडच्या पाण्यात नको. तुमच्या सावित्रीत सोडा. आयशीच्या हातानं पानी पडू दे पोराला."

पाऊस तोंडावर आल्यावर टोळी परतली. घाटाखाली मुकादमानं तुला वाट दाखवली आणि तो माघारी गेला. पदरात जीवखडा बांधून तू एकटी वाडीत आलीस. दारात आजी होती. ओली बाळंतीण, मांडीवर माझा बाप. तुला बघून ती उठायला गेली आणि तुझ्या मागं बघत म्हणाली, "भागी, गणू कुठाय?"

"माझ्या तोंडातनं निघून गेलं, पुढच्या कामाला नेला. म्हटलं, सव्वा महिना झाला की सांगीन. मग पावसाळा सरला की सांगीन. मग ती रोज वाटेकडं बघाय लागली, तिला कसं सांगू रे?"

जीवखडा घरात घेत नाहीत, म्हणून तो पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यात राहिला. पाण्यात सोडला तर दादा मेला असं होईल, म्हणून तो सोडला नाहीस. पण तहानलेला तरी कसा ठेवायचा? ऐंशी वर्षं तू त्याला रोज पाणी पाजलंस, आत्ये. आई मेल्यावरही. कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं तेव्हाही.

"मी गेले का माझ्यासंगती त्याला सावित्रीत सोड," म्हणालीस. आणि मग माझ्याकडं बघत राहिलीस. "तो कुठं हाय, ते तुला म्हाईत हाय ना?"

मी म्हणालो, "हो. पडवीत."

तू हात मागं घेतलास. "बरा हाय," म्हणालीस.

दोनच शब्द हवे होते, 'मी टाकला'. ते माझ्या ओठावर आले होते आणि मी ते गिळले. तुला कशाला त्रास, असं मनाला सांगितलं. तूही आजीच्या दारात उभी राहून हेच मनाला सांगितलं असशील. पण तू तेरा-चौदा वर्षांची होतीस, आणि मी त्रेसष्ट वर्षांचा होतो.

तू गेल्यावर ठरवलं होतं, की महामार्गावरचा तो तुकडाच तुझ्या खड्याबरोबर सोडून देऊ. कोणाला कळणार आहे? नवव्या दिवशी सकाळी मी पडवीत बसलो होतो. तुझा तांब्या थांबल्यापासून कोपऱ्यातलं शेवाळ सुकून करडं पडलं होतं. बायकोला म्हटलं, बघ, आता घसरायची भीती नाही. ती म्हणाली, "आत्यांनी गवंड्याला विचारलं होतं हो. डोळ्याचं ऑपरेशन करून आल्या त्याच आठवड्यात. भराव कुठं टाकला म्हणून. त्यानं तो कोपरा दाखवला."

मी उठून महामार्गावरचा तो तुकडा हातात घेतला. घाव एका अंगाला असतो, हे तूच मला शिकवलं होतंस. तुझ्या अंगठ्याला पहिल्याच क्षणी कळलं होतं. पाच वर्षं तू माझं खोटं सांभाळलंस, आणि त्याला पाणी पोचावं म्हणून कोब्यावर ओतत राहिलीस. मी तांब्या हिसकावला तेव्हासुद्धा बोलली नाहीस. का नाही बोललीस? एक सणसणीत शिवी द्यायची होतीस. ती मला अजून हवी आहे.

कोबा फुटायला दुपार गेली. खाली वीतभर भराव. त्यात काळे दगड किती तरी, सगळे मुठीएवढे, सगळे मातीनं सारखेच माखलेले. धुतले, अंगठ्यानं चाचपले. एका अंगाचा घाव शोधत होतो. मला सगळ्यांवर तो सापडायला लागला, मग एकावरही सापडेना. माझे अंगठे खडूचे, त्यांना दगड येत नाही. रडलो, आत्ये. यशवंतानं कुंपणावरून बघितलं आणि मान वळवली.

दहाव्याला मी ते सगळे पाटीत भरले. पोरगा म्हणाला, बाबा, गाडीत ठेवा. मी चुंबळ केली आणि पाटी डोक्यावर घेतली. नदीपर्यंत तीनदा टेकलो. तुमच्या टोळीतल्या बाया असल्या पाट्या दिवसाला किती वेळा उचलत होत्या?

भटजींनी तुझं सगळं यथासांग केलं. कावळ्याचं मी सांगत बसत नाही. तुझा खडा पाण्यात गेला. मग त्यांनी पाटीकडं बघितलं. "हे काय?"

म्हटलं, "माझे काका. यांतला एक."

"नाव?"

मी ते नाव जन्मात नीट घेतलं नव्हतं. "गणपत," म्हणालो. भटजींनी मंत्र म्हटला आणि मी एकेका दगडावर तीळपाणी सोडलं, एकही न वगळता. महामार्गावरचा तुकडा मात्र खिशातच ठेवला. तो पडवीत परत ठेवलाय, माझ्या डोळ्यांसमोर.

शेवटी गुडघाभर पाण्यात उतरून पाटी कलती केली. आजीची राखही आपण इथंच सोडली होती. दगड एकेक करून खाली गेले. भटजींचे मंत्र संपले होते, पण तुझं एक वाक्य राहिलं होतं, त्या दारातलं. ते मी मोठ्यानं म्हणालो. काठावरच्या लोकांनी वळून बघितलं.

"आजी, गणू आलाय. भागीनं आणलाय."